टाकीवरची भुवई

गो, तू गेल्यावर परवा पहिल्यांदा शेड उघडली आणि खुंटीवरच्या पेट्रोलच्या टाकीवरचं फडकं काढलं.

मी आपणहून काढलं नसतं. सुधीर मागे लागला. त्याला आपली विलायती फटफटी मुंबईला जुन्या गाड्यांच्या मेळ्यात न्यायची आहे. म्हणतो, "बाबा, आईची पण तीच इच्छा होती." तुझी होती की नव्हती मला माहीत नाही. माझ्याकडे तरी तू कधी बोलली नव्हतीस. माणूस गेलं की त्याच्या नावावर इच्छा टाकायला सगळे मोकळे होतात. मी "व्हय" म्हटलं. सध्या मी सगळ्यालाच व्हय म्हणतो. चहा घेणार काय, व्हय. पडणार काय जरा, व्हय. त्या दिवशी दारात कोण माणूस आला, त्याने विचारलं वरच्या आळीतले बापू तुम्हीच काय, त्यालाही व्हय म्हटलं. तो बिचारा अर्धा तास बसून कोणत्यातरी जमिनीचं बोलून गेला.

तर फडकं काढलं. उजवी बाजू तू केलेली, पुरी. काळ्या रंगावर सोनेरी रेघ, पुढून बारीक निघते, मध्ये पोट धरते आणि मागे परत बारीक होत जिरते. ती मला ठाऊक होती. तिच्यावरूनच आपलं वाजलं होतं. डावीकडे काही नसणार म्हणून टाकी फिरवली, तर डावीकडे अर्धी रेघ. पुढून निघून मध्यावर येऊन थांबलेली.

ही तू कधी काढलीस? भांडणानंतर टाकी मी स्वतः झाकून खुंटीला अडकवली होती. तेव्हा ही बाजू कोरी होती.

सुधीर म्हणाला, "बाबा, असं अर्धं घेऊन गेलो तर लोक हसतील. दोन्हीकडचं पुसून टाकू. टेप लावून एकसारखी मारून देतो असा पेणमध्ये एक जण हाय. एका दिवसाचं काम." 

मी त्याला "थांब" म्हटलं. इतक्या दिवसांत तेवढंच एक व्हय नव्हतं. का थांब ते मलाही सांगता आलं नसतं. पुसलं की गेलं, एवढंच डोक्यात आलं.

तुझ्याबद्दल चार शब्द लिहा म्हणून सगळे सांगतात. मी चौथीपर्यंत शिकलो. पान्यावरचे आकडे वाचता आले, तेवढ्यावर जन्म काढला. आणि चांगलं लिहिणाऱ्याने लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? प्रेमळ, शांत, हसतमुख. तू शांत कधी होतीस? गणपतीच्या आधीचे दोन महिने माहेरच्या मूर्तींच्या कारखान्यात तुझ्या बाजूला उभं राहायची कोणाची हिंमत नव्हती. ब्रश हातात असताना कोणी बोललं तर तू त्याचं खानदान काढायचीस. ते मी कसं लिहू? म्हणून तुलाच लिहितो. तुला खोटं लिहिलं तर तू ऐकून घेणार नाहीस.

लोकांना वाटतं मी रडलो पाहिजे. माझी बहीण शहाबाजवरून आली, गळ्यात पडली, म्हणाली, "रड रे, मोकळा हो." मी तिची पाठ थोपटली. माझ्या आत काही हललं नाही. जेवताना तिखट लागत नाही. सून म्हणते, बाबा आज मिरची जास्त पडली, मी म्हणतो असं होय. काल गाडीचं इंजिन चालतं का बघायला म्हणून ती अंगणात घेतली. टाकी नाही, म्हणून नेहमीसारखी सलाईनची बाटली हँडलला टांगून तिच्यातून पेट्रोल दिलं. ती बाटली मी किती वर्षं वापरतो. तसलीच दवाखान्यात तुझ्या उशाला होती, काल तिच्याकडे बघितल्यावर काहीतरी वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. मग किक मारली. हँडलवर एक छोटी दांडी असते ना, ठिणगी पुढेमागे करायची, ती किक मारताना मागे घ्यावी लागते. मी विसरलो. मी, विसरलो. किक उलटी आली आणि नडगीवर बसली. दुखलंच नाही. सून ओरडली तेव्हा खाली बघितलं तर पायावरून रक्त.

ती गाडी पहिल्यांदा तू बघितलीस तो दिवस माझ्या डोक्यात अगदी ताजा आहे. मी ज्याच्या गॅरेजात काम शिकलो त्या उस्तादाकडे तशा दोन होत्या. एक चालती, ती तो कोणाला हात लावू द्यायचा नाही. तिच्या टाकीवर विलायतेच्या कारखान्यात काढलेली सोनेरी रेघ होती. दुसरी पोत्यात होती, सुटे भाग. "जोड, जमली तर तुझी," म्हणाला. ती मी जोडली. रंग खरवडला तर काळ्याखाली मिलिटरीचा हिरवा निघाला. लढाईत कोणीतरी तिच्यावरून निरोप घेऊन पळाला असणार. लढाई संपली, सरकारने गाड्या काढल्या, फिरत फिरत ही पेणच्या नाक्यावर आली. आणि तिच्यावर बसून मी हमरापूरला तुला बघायला आलो.

तुझे वडील गाडीभोवती फिरले. तू दारात उभी होतीस, कोपरापर्यंत पांढरा रंग. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, तू इंजिनाकडे. तिथे कंपनीची खूण आहे, तीन बंदुका एकमेकींना टेकून उभ्या.

"ही तिवई कशाला काढलीय?" तू विचारलंस.

"गप गो," तुझे वडील म्हणाले.

मी म्हटलं, "तिवई नाय. बंदुका हायत. ती कंपनी आधी बंदुका बनवायची. मग सायकली, मग ह्या गाड्या."

"मग ह्याच्यावर बसून आम्ही लढायला जायाचं काय?"

तेव्हाच मी ठरवलं. नंतर आईला वाटलं मुलगी तोंडाळ आहे. होतीच.

लग्नानंतर हमरापूर ते धरमतर तुला मागे बसवून आणली. त्या गाडीला मागच्या चाकाला स्प्रिंगच नाही, सीटखाली आहेत तेवढ्याच. रस्ता तेव्हाचा. घरी उतरल्यावर आईने तुझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला आणि तू तिला सगळ्यांच्या देखत सांगितलंस, "आत्या, तुमच्या लेकापेक्षा बैलगाडी बरी." आणि बऱ्याच गाड्यांचा गिअर डाव्या पायात, हिचा उजव्या पायात, हे मी कौतुकाने सांगायला गेलो तर म्हणालीस, "उलट्या पायाची म्हणजे हडळ की हो." त्या दिवसापासून आपल्या घरात तिला तिवई नाहीतर हडळ ही दोनच नावं. मी गाडी म्हटलं की तुला कळायचं नाही.

मला हसू येतंय असं वाटलं आत्ता. आलं नाही.

रोह्याचं विमान आठवतं ना? आठवणारच, सगळ्या हमरापूरला तू ते सांगत फिरलीस. रोह्यात एका शाळेच्या मैदानात चौथऱ्यावर ठेवलेलं, हवाईदलातून बाद झालेलं. रंग उडालेला. रंगवायचं काम तुझ्या भावाकडे, हरीकडे आलं, कारण त्याच्याकडे कॉम्प्रेसर आणि फवाऱ्याची बंदूक. बारीक कामाला तो तुला घेऊन गेला, आणि झाकणं उघडायला मला. देखरेखीला एक साहेब होते, हवाईदलातून निवृत्त झालेले, छत्री घेऊन दिवसभर उभे.

"ह्याचं नाव हंटर," साहेब म्हणाले.

"घोड्याला मारतात तो?" तू.

"शिकारी. इंग्लंडमध्ये बनलेलं. आपल्या हवाईदलात लढलंय हे."

तू नाकाखाली वाकून बघितलंस. चार भोकं. "ह्याला पण बंदुका? काय हो, तुमच्या त्या विलायतेत बंदूक लावल्याशिवाय काय बनतच नव्हतं काय?" हे मला. जसा काय मी विलायतेत जन्मलो.

पोटाखालच्या एका झाकणात गांधीलमाशांनी घर केलं होतं. बोल्ट गंजलेले. साहेबांनी आणलेला आताचा मिलिमीटरचा पाना बसेना. मी माझ्या पिशवीतला काढला, हडळीचा, जुन्या इंची मापाचा, तीन सुती. बसला. गच्च बसला. मोटारसायकलचा पाना विमानाला! मी येडाच झालो. साहेब हसले, म्हणाले, "बसणारच. दोघं एकाच देशाचे. ह्या पान्यांची गंमत माहीत आहे ना? आकडा बोल्टाच्या जाडीचा, डोक्याचा नाही."

"बरं हाय की," तू वरून म्हणालीस, "डोकं मोजून पाना देत असते तर ह्यांना मिळालाच नसता."

साहेब छत्री मिटून हसले. मलाही आवडलं होतं ते. तुला सांगितलं नाही.

मग तो गोल. विमानाच्या अंगावर आपल्या हवाईदलाचा गोल असतो, बाहेर केशरी, मग पांढरा, मध्ये हिरवा. साहेबांनी खिळा आणि दोरीने वर्तुळं आखून दिली. तू घोड्यावर चढलीस, लाकडाच्या. केशरी भरलास, पांढरा भरलास, हिरवा भरलास. कडा अशा की दोरी लाजेल. आणि शेवटी हात थांबलाच नाही तुझा. बारीक ब्रश पांढऱ्यात बुडवलास आणि हिरव्याच्या वरच्या अंगाला टिचकन एक ठिपका दिलास.

साहेब खालून, "बाई, हा ठिपका कसला?"

तूच दचकलीस. मी बघितलं. जन्मभर गणपतीच्या डोळ्यांची आखणी केलेला हात, गोलात गोल दिसला की मध्ये उजेड देणारच. पण दचकलीस ते एक क्षण. चूक झाली म्हणशील तर तू कसली.

"डोळ्यातला उजेड हाय तो."

"विमानाला डोळा नसतो."

"मग त्याला दिसतं कसं?"

"आत वैमानिक बसतो. तो बघतो."

"आता कुठं बसलाय?"

साहेबांनी वर वैमानिकाच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर असेल. पण हे नियमात नाही. पुसा." ते हळू बोलले, म्हणून तूही वाद घातला नाहीस. टर्पेंटाइनने पुसलास, वरून हिरवा दिलास. पण रंग जाड झाला. ऊन तिरकं आलं की तिथं उंचवटा दिसतो. परतताना एसटीत म्हणालीस, "खरं सांगा, त्या मधल्या वेळात ते आपल्याकडं बघत होतं की नाय?"

मी म्हटलं, "काय पण."

बघत होतं. खिडकीकडे तोंड करून मी काय पण म्हटलं.

असंच आपलं. खाडीकडचा माणूस मी, धरमतरला घर, बापजाद्यांची मिठागरं, तिकडे कोणी कोणाला बरं केलंस म्हणत नाही. काम झालं की झालं. तुझ्या माहेरी तरी मूर्तीला डोळे आले की सगळे दोन पावलं मागे जाऊन बघतात. तू एखादं काम झालं की उगीचच दोन पावलं मागे यायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. मी म्हणायचो, "झालं काय? मग आवर."

टाकीचंही तसंच झालं. खाडीच्या वाऱ्याने तिचा पत्रा खाल्ला होता, गॅरेजचा धंदा बंद केल्यावर मी ती फुरसतीने ठीक केली. भोकं बुजवली, काळा रंग घोटला, आरशासारखा. राहिली रेघ. गणपती गेले, तुझी कामं संपली, एका सकाळी तू न सांगता उजवी बाजू काढून मोकळी झालीस. आणि दोन पावलं मागे येऊन माझ्याकडे बघितलंस.

मी म्हटलं, "ही जाडबारीक झाली."

"होणारच. रेघ हाय."

"कारखान्याची रेघ सगळीकडं सारखी असते. मी उस्तादाच्या गाडीवर बघितलीय."

"सगळीकडं सारखी रेघ मेलेली असते. भुवई कशी असते? पुढं बारीक, मधी भरीव, मागं जिरती. तेव्हा ते तोंड वाटतं."

"हे तोंड नाय. टाकी हाय. गणपती नाय, मोटारसायकल हाय."

सुधीर मध्ये पडला. मोबाईलवर तिकडच्या कारखान्यातलं काहीतरी शोधून आणलं. एक बाई स्टुलावर बसून टाकीवर हाताने रेघ ओढते. खरंच हाताने, पट्टी नाही, टेप नाही. सुधीर म्हणाला, "बघा बाबा, तिकडे पण हातानेच."

तुला काय आनंद झाला! "बघू, बघू. बाईच हाय गो ही. बघा, श्वास धरलाय तिनं. मी पण असाच धरते."

मी म्हटलं, "पण तिची सारखी आली ना?"

तू मोबाईल सुधीरच्या हातात दिलास. "ती पगारी हाय. तिला दिवसाला शंभर टाक्या. मी घरची टाकी काढलीय." आणि ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात उभा केलास. "ऱ्हायलेली तुम्हीच काढा. पट्टी लावून."

तीन दिवस आपण बोललो नाही. मग बोललो, पण टाकीचं नाही. मी ती झाकून अडकवली. त्यानंतर मला रोह्याला एक दिवस जायचं होतं, जुन्या गिऱ्हाइकाचं इंजिन उघडायला, आणि माझी स्टीलची पट्टी सापडेना. सगळं घर उलटंपालटं केलं. तुला विचारलं. "मला काय ठाऊक तुमच्या पट्ट्या," म्हणालीस. मी तसाच गेलो. त्यानंतर तुला ताप आला. पुढचं तुला माहीत आहे, तू होतीसच तिथे, माझ्यापेक्षा जास्त.

आज सकाळी टाकी चादरीत गुंडाळली, तुझा रंगाचा डबा पिशवीत घेतला आणि रिक्षात बसलो. हमरापूरला हरीकडे. रेघ पुरी करायची तर तुझ्या हाताखाली शिकलेला दुसरा कोण आहे? टाकी मांडीवर धरली होती. रिक्षावाला आपल्याकडचाच पोरगा. आरशातून बघून म्हणाला, "काका, मूर्ती काय?"

मी म्हटलं, "व्हय."

तो मग एवढा सांभाळून गेला की विचारू नको. प्रत्येक खड्ड्याला रिक्षा जवळजवळ थांबवायचा. एक ट्रकवाला मागून हॉर्न मारत होता, त्याला हात बाहेर काढून ओरडला, "दिसत नाय काय, मूर्ती हाय आत!" उतरताना चादरीला हात लावून तो हात छातीला लावला. मी पैसे दिले.

हरीचा कारखाना भरलेला. रांगेत पांढऱ्या मूर्ती, अजून डोळे नाहीत. त्यांच्यामध्ये तुझी बसायची फळी रिकामी. हरीने ती हलवली नाही, तिच्यावर कोणाला बसूही देत नाही. ते बघून तरी मला काही व्हायला पाहिजे होतं. मी विचारलं, "टाकी कुठं ठेवू?"

हरीने टाकी उजेडात धरली. उजवी बाजू बघितली. बघत राहिला. मग बोटाने हवेतच रेघेच्या बरोबर गेला. "बाय," एवढंच म्हणाला, तुला हाक मारायचा तसं. आणि डोळे पुसले त्याने. मग टाकी फिरवली.

"ही कोणी काढली?"

"तिनंच."

"नाय भावोजी. ही बायची नाय."

"अरे घरात दुसरं कोण हाय? मी काढणार काय?"

"अशी सारखी रेघ बाय जन्मात काढायची नाय. ह्याच्यात जीवच नाय. तुम्ही बघा ना." त्याने स्वतःचा चष्मा मला दिला. माझ्या चष्म्यातून मला ती नुसती अर्धी रेघ दिसली होती. त्याच्या चष्म्यातून दिसली ती सरळ, सगळीकडे सारखी, उस्तादाच्या गाडीवर होती तशी. आणि तिच्याखाली, वाकडं धरून बघितल्यावर, पेन्सिलीच्या बारीक खुणा. थोड्या थोड्या अंतरावर. मोजून केलेल्या.

"बाय खूण करायची नाय कधी," हरी म्हणाला. "आम्ही केली तर हातावर ब्रश मारायची."

मी तुझा डबा उघडला. सोनेरी रंगाच्या बाटलीखाली माझी स्टीलची पट्टी.

मी रोह्याला गेलो तो दिवस. मी पट्टीसाठी घर डोक्यावर घेत होतो आणि ती तुझ्या डब्यात होती. मी जायची वाट बघत होतीस. मग खुंटीवरची टाकी काढलीस, खुणा केल्यास आणि मला पाहिजे तशी रेघ काढायला बसलीस. मेलेली. मी म्हटलं म्हणून.

आणि अर्ध्यावर का सोडलीस? हरीला विचारलं. तो म्हणाला, "कंटाळली असंल. बायला कंटाळा ठाऊक नव्हता, पण असल्या रेघेचा आला असंल." सुधीरला फोन लावला, तो म्हणाला त्याच दुपारी तुला ताप भरला होता. कोणाचं खरं ते मला कळणार नाही. तू सांगितलं असतंस तर कळलं असतं. आपण दोघंही न सांगणारे. मला आता नको असलेली रेघ तुझ्या हातून अर्धी झाली, आणि इकडे उजवीकडची बघून बघून मला कधीच पटलं होतं. टाकी झाकायच्या आधीच पटलं होतं. उस्तादाची गाडी चांगली होती, पण ती बघून कोणी आपल्याकडे बघतंय असं वाटत नव्हतं. आपली बघून वाटतं. मी अजून म्हणतो, कारखान्यात अशी रेघ काढायचे नाहीत. ते माझं बरोबरच आहे. पण बरोबर असून काय करू?

हरी म्हणाला, "सांगा भावोजी. सगळं पुसून नवी मारू? की ही हाय तशी सारखी पुढं नेऊ? म्हणजे निदान ही बाजू तुमच्या कारखान्यासारखी व्हईल."

"पुढची तिच्यासारखी काढ."

"म्हणजे?"

"हिथपर्यंत सारखी हाय तशी ऱ्हाऊ दे. पुढं पोट धर आणि जिरव. उजवीकडं जशी जिरलीय तशी."

"असली रेघ कोण काढतं भावोजी? अर्धी एक, अर्धी एक. जोड दिसंल."

"दिसू दे."

"मेळ्यात गुण कापतील. सुधीर मला बोलंल."

"सुधीरला मी सांगतो. तू काढ."

हरीने तुझाच ब्रश घेतला, टोक ओठांनी ओलं केलं, सोनेरीत बुडवला. कारखान्यातली पोरं आपोआप गप्प झाली. तू जिथे थांबली होतीस तिथे त्याने टोक टेकवलं आणि श्वास धरला. मीही धरला. मध्यावर रेघ जरा दबकली, जोड दिसतोच, मग तिने पोट धरलं, आणि मागे जाऊन जिरली. हरीने श्वास सोडला आणि दोन पावलं मागे येऊन माझ्याकडे बघितलं.

"बरी झाली," मी म्हटलं. "लई बरी झाली."

हरी येडाच झाला. त्याने माझ्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं. त्याला नव्हतं सांगायचं मला. तू नव्हतीस म्हणून त्याला सांगितलं.

मग ते सगळे जेवायला गेले. मला भूक नव्हती. टाकी मागच्या पडवीत पाटावर ठेवली होती, उन्हाला. मी बाजूला बसलो. डावी बाजू माझ्याकडे होती. रंग अजून ओला, उन्हात चमकत होता. 

आपल्या घरात काही रंगवलेलं असलं की तू कुठूनही ओरडायचीस, विहिरीवर असलीस तरी, "हात लावू नका, ओलं हाय." मी लावायचोच. वाळलंय की नाही बघायला. मग तू बडबडत यायचीस, माझं बोट धरायचीस आणि रॉकेलच्या फडक्याने नखाच्या कडेपर्यंत पुसून काढायचीस. मला ठाऊक असायचं ओलं आहे.

आज बराच वेळ बसलो. कोणी ओरडलं नाही. मी हात लावला नाही.